लॅमिंग्टन रोडचं कोटेशन आणि जर्मनीतली पीएचडी

ओंकार, तुझा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेनला पीएचडीसाठी जायचंय. काम प्रथिनांच्या सिम्युलेशनचं, म्हणजे मुख्यतः ग्रोमॅक्स (रेणूंच्या हालचाली संगणकावर चालवून बघायचं सॉफ्टवेअर), आणि पुढे थोडं मशीन लर्निंग. लॅमिंग्टन रोडवरून आरटीएक्स ५०९० ग्राफिक्स कार्ड आणि १२८ जीबी रॅम असलेल्या मशीनचं कोटेशन आणलंयस, पाच लाखांच्या वर. बाबा एफडी मोडायला तयार आहेत. मशीन मुंबईत असेंबल करून न्यावं की तिकडे गेल्यावर घ्यावं?

एफडी मोडू नका. मुंबईतही घेऊ नकोस आणि पोचल्या पोचल्या इकडे जर्मनीतही घेऊ नकोस. दुकानदाराने दिलेलं कॉन्फिगरेशन वाईट नाही, पण ते तुझं काम बघून काढलेलं नाही.

ग्रोमॅक्सचंच घे. आकडे कमी अचूक (सिंगल प्रिसिजन, ३२ बिट) किंवा जास्त अचूक (डबल, ६४ बिट) धरता येतात. ग्रोमॅक्स दोन्ही मिसळून, पण मुख्यतः सिंगलमध्ये चालतं, म्हणून गेमिंगची कार्डं त्याला उत्तम चालतात. एक लाख अणूंची सिस्टिम कार्डच्या थोड्याशा मेमरीत आरामात बसते. तिथे ५०९० च्या ३२ जीबी मेमरीसाठी मोजलेले पैसे नुसते पडून राहतात. योगायोग म्हणजे ग्योटिंगेनच्याच माक्स प्लांक संस्थेतल्या गटाने २०१५ आणि पुन्हा २०१९ मध्ये नेमकं हेच मोजून प्रसिद्ध केलंय: ग्रोमॅक्ससाठी त्याच पैशात जास्तीत जास्त काम कुठल्या मशीनवर होतं. साधी ग्राहक कार्डं त्यात महागड्या सर्व्हर कार्डांच्या कितीतरी पुढे आहेत. ते दोन्ही पेपर कोटेशनवर सही करायच्या आधी वाच.

क्वांटम केमिस्ट्रीत शिरलास तर गणित उलटं. तिथे डबल प्रिसिजन लागतं, आणि ५०९० सारख्या कार्डांचा डबलचा वेग सिंगलच्या एक चौसष्टांश असतो. ऑर्कासारखं सॉफ्टवेअर तर मुख्यतः सीपीयूवरच चालतं. त्याला कोअर, रॅम आणि वेगवान एसएसडी हवी. मशीन लर्निंगमध्ये मात्र कार्डची मेमरी हाच कळीचा मुद्दा. ७ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल १६ बिटमध्ये नुसतं उघडायला १४ जीबी लागतात, आणि पूर्ण ट्रेनिंग करायचं तर नेहमीच्या अ‍ॅडम पद्धतीने पॅरामीटरमागे सुमारे १६ बाइट, म्हणजे ११२ जीबी. तुझं पाच लाखांचं मशीन तिथेही अपुरंच.

नेण्याचा त्रास वेगळाच. विजेची अडचण नाही, जर्मनीतही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ; एसएमपीएसची (मशीनच्या पॉवर सप्लायची) केबल बदलली की झालं. पण दोन किलोच्या आसपासचं कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटला लटकत चेक-इन सामानातून गेलं तर स्लॉटला तडा जाऊ शकतो. न्यायचंच असेल तर कार्ड काढून हातातल्या बॅगेत. शिवाय कस्टम्स: विमानाने आलेल्या प्रवाशाला ४३० युरोपर्यंतच्याच वस्तू शुल्काशिवाय आणता येतात. राहायला येणाऱ्याला घरच्या सामानावर सूट मिळते, पण ते सामान आधी निदान सहा महिने वापरलेलं असावं लागतं. सप्टेंबरात घेतलेलं कोरं मशीन त्यात बसत नाही. वॉरंटीही विचार, बऱ्याच पार्टची भारतातली वॉरंटी भारतातच चालते. इकडे नवीन वस्तूत मुळातला दोष निघाला तर दोन वर्षं विक्रेता कायद्याने जबाबदार, आणि ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत परत करता येते.

आणि वीज. पूर्ण लोडवर ७०० वॅट धर. महिनाभर अखंड चाललं की ५०० युनिटं. घरगुती दर युनिटला ३५ सेंट धरला तरी १७५ युरो, दर महिन्याला. एवढी सगळी उष्णता तुझ्या झोपायच्या खोलीत, आणि इथल्या खोल्यांना सहसा एसी नसतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. ग्योटिंगेनमध्ये जीडब्ल्यूडीजी हे विद्यापीठ आणि माक्स प्लांक सोसायटीचं सामायिक संगणन केंद्र आहे. शिवाय एनएचआर या विद्यापीठांसाठीच्या महासंगणकांच्या राष्ट्रीय जाळ्याच्या नऊ केंद्रांपैकी एक ग्योटिंगेनलाच. विद्यापीठातल्या संशोधकांना प्रस्ताव मंजूर झाला की तिथे विनामूल्य वेळ मिळतो. गटाचं स्वतःचं मशीनही असू शकतं, आणि नसेल तर ते गटाच्या निधीतून घ्यायचं, बाबांच्या एफडीतून नाही. संशोधनाची साधनं पुरवणं हे गटाचं काम आहे, हे आपल्याकडून जाणाऱ्या मुलांना कुणी सांगत नाही, म्हणून मी इतकं लांबण लावतेय.

सध्या मुंबईत एवढं कर. कॉलेजच्या लॅबमध्ये कुठलंही जुनं एनव्हिडिया कार्ड असेल त्यावर छोटी सिस्टिम चालव. एका टर्मिनलमध्ये एनव्हिडिया-एसएमआय (कार्ड किती कामात आहे ते दाखवतं), दुसऱ्यात एचटॉप (सीपीयूचं तेच) उघडून दहा मिनिटं नुसतं बघत बस. कार्ड ४० टक्क्यांवर लोळतंय आणि सीपीयूचे कोअर १०० वर अडकलेत असं दिसलं, तर काम सीपीयूपाशी तुंबलंय. महाग कार्डाने ते हलणार नाही. लिनक्सवर हात बसव, स्लर्मची (क्लस्टरवर, म्हणजे जोडलेल्या अनेक मशीनांवर, कामं रांगेत लावणाऱ्या सॉफ्टवेअरची) जॉब स्क्रिप्ट लिहायला शिक, चेकपॉइंटवरून, म्हणजे मध्येच साठवलेल्या स्थितीपासून, रन पुढे चालू करायची सवय लाव. क्लस्टरवर जॉबला वेळेची मर्यादा असते, तिथे हे रोज लागतं.

बरोबर एक साधा, ३२ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि डेटाच्या बॅकअपला एक बाहेरची एसएसडी आण. यूपीएस आणू नकोस.

आणि आजच सुपरवायझरला मेल टाक: गटाकडे कुठली मशीनं आहेत, क्लस्टरवर किती वेळ मिळतो, माझ्या प्रोजेक्टला काय कमी पडेल? इथे असं थेट विचारलेलं आवडतं. पाठवायच्या आधी मसुदा मला दाखवलास तरी चालेल.