पाड्यावरची माणसं मोजताना

प्रश्न : महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी जव्हार तालुक्यातल्या एका गावाची पाहणी करायची आहे. २०११ च्या जनगणनेतला आकडा पाड्यांवरच्या माणसांशी जुळत नाही. वारली किती, कातकरी किती, हेही सापडत नाही.

उत्तर : जव्हार आता पालघर जिल्ह्यात आहे, पण तो जिल्हा ठाण्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, त्यामुळे २०११ चे आकडे ठाणे जिल्ह्यात शोधा. जनगणनेतलं गाव म्हणजे महसुली गाव. त्याचे पाच-सात पाडे असले, तरी आकडा सगळ्यांचा मिळून एकच.

जमातनिहाय आकडे जिल्ह्यापर्यंतच मिळतात. गावापुढे 'अनुसूचित जमाती' एवढा एकच रकाना असतो, आणि जव्हारमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक लोक त्यातच येतात. वारली, कोकणा, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी सगळे एकत्र. म्हणजे गावात कोणाकडे जमीन आहे आणि कोणाची झोपडी दुसऱ्याच्या जागेत आहे, हा खरा फरक त्या रकान्यात दिसतच नाही.

आकडा न जुळण्याचं मोठं कारण महिना. तेव्हाची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. जो या संपूर्ण काळात गावाबाहेर होता, त्याची नोंद गावात होत नाही; तो जिथे असेल तिथे मोजला जातो. भातकापणी उरकली की भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर माणसं जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. कातकरी तर बहुधा बायकापोरांसह जातात. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीखही १ मार्च २०२७ आहे, तेव्हा हा घोळ राहणारच.

म्हणून स्वतः मोजा, आणि सप्टेंबरात मोजा : लावणी झालेली, कापणी यायची. अंगणवाडीची कुटुंब-पाहणीची नोंदवही आधार म्हणून घ्या. ग्रामपंचायतीचा नमुना ८ घरपट्टीसाठी असतो. लग्नानंतर वेगळा झालेला मुलगा किंवा परक्या जागेतली झोपडी त्यात सुटू शकते. दारावरचे नंबर मोजू नका, चुली मोजा. जनगणनाही एका चुलीवर जेवणाऱ्यांनाच कुटुंब धरते. दर चुलीमागे विचारा : माणसं, वयं, जमात, सातबारा की वनपट्टा (वनहक्क कायद्याखाली मिळालेली जमीन) की काहीच नाही, कामाला कोण, कुठे, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत जातं. आडनावावरून जमात लिहू नका. पवार कातकऱ्यांत आहेत, कोकणा जमातीतही आहेत.

प्रश्न : ८०० वस्तीत ३३० साक्षर. साक्षरता ४१ टक्के ना?

उत्तर : नाही. सहा वर्षांपर्यंतची मुलं आधी वजा करा. ती १४० असतील तर ३३० भागिले ६६०, म्हणजे ५० टक्के. आदिवासी गावांत लहान मुलांचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे ही चूक तिथे अधिक महागात पडते. 'साक्षर' म्हणजे कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येणारा. शाळेची इयत्ता त्यात मोजत नाहीत.

प्रश्न : मुलींचं प्रमाण हजार मुलग्यांमागे ८७५ आलं. अहवालात चिंताजनक लिहू?

उत्तर : मुलं किती, ते आधी पाहा. ४८ मुलगे आणि ४२ मुली असतील तर ८७५ येतं. तिघांच्या जागी मुली असत्या तर सरळ १०००. एवढ्या लहान संख्येवर निष्कर्ष काढू नका. शेजारची दहा-बारा गावं एकत्र करून पाहा, आणि अहवालात टक्केवारीशेजारी मूळ संख्या छापा.