‘रन’ म्हणजे नुसतं धावणं नव्हे

इंग्रजीतल्या ‘रन’चे अर्थ यादी करून पाठ करू नकोस. आपलं ‘लागणे’ बघ: भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो. अर्थ सोबतच्या शब्दावर ठरतो, इथेही तसंच. आधी कर्ता पाहा. पाणी ‘रन’ होतं म्हणजे वाहतं, धुताना कपड्याचा रंग ‘रन’ होतो म्हणजे पसरतो. पुढे कर्म आलं की बहुधा चालवणं: ‘शी रन्स अ स्कूल’.

खरी गफलत पुढच्या चिमुकल्या शब्दांत होते. ‘वी रॅन आउट ऑफ पेट्रोल’, पेट्रोल संपलं. यातला ‘ऑफ’ नवशिके हमखास गाळतात. ‘आय रॅन इन्टू अ फ्रेंड’ म्हणजे मित्र अचानक भेटला, पण ‘इन्टू अ वॉल’ म्हणजे भिंतीवर आदळलो! म्हणून वहीत सुटा शब्द नको, अख्खं वाक्य उतरव.