ट्राउटला जायचंय? ऑक्टोबर गाठ

तीर्थन नदीवर ट्राउट मासे धरायला जाणारच असशील तर ऑक्टोबरातच जा. हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते. परवाना आधी काढ.

पहाटे मुळशीला जाऊन बसायची तुझी सवय तिथे कामाची नाही. पाणी गारठलेलं, मासा सुस्त. अकरा ते तीन ही खरी वेळ. बारीक निम्फ (पाणकिड्याच्या अळीसारखं दिसणारं नकली आमिष) लाव आणि दगडाआडच्या संथ पाण्यात तळालगत प्रवाहाबरोबर वाहू दे, ओढू नकोस. तळ्यात मात्र स्ट्रीमर (छोट्या माशासारखं नकली आमिष) हळूहळू ओढायचा. उथळ पाण्यात घासल्यासारखी स्वच्छ खडी दिसली तर तिथे पाय नको, ब्राउन ट्राउटची अंडी असू शकतात.

कास्टिंग, म्हणजे गळाची दोरी फेकणं, पुण्यातच घोटव. मोकळं मैदान पुरे, पण हुकाऐवजी लोकरीचा तुकडा बांध. मी बांधला नव्हता, हूक थेट कानात!