क्रोशाची छोटी खेळणी घरी विणायला शिकायची आहेत. सामान काय लागेल, आत घरचा कापूस भरला तर चालतो का, आणि पुढेमागे विकता येतील का?

ताई, बहुतेक जण सामानापासून सुरुवात करतात, मी तुमच्या कापसापासून करतो. आपल्याकडे हा विचार घरोघर येतो. पराटी वावरात, कापूस घरात ढिगाने पडलेला, मग फायबरला पैसे काहून घालायचे?

आधी माझं थोडक्यात. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळच्या एका गावात माझं किराणा दुकान आहे आणि गिऱ्हाईक नसलं की मी गल्ल्यावर बसून विणतो. बायकोने शिकवलं. तिच्या माहेरी टीव्हीवर, फ्रीजवर, देव्हाऱ्यात, जिथे सपाट जागा सापडेल तिथे क्रोशाचा रुमाल अंथरलेला असतो. पुरुष माणूस सुई घेऊन बसतो म्हणून पारावर चर्चा झाली, ती दुसरा विषय मिळेपर्यंत टिकली.

तर कापूस. वेचून आणलेला कापूस तसाच भरू नका, कारण त्यात सरकी असते. वजनाने पाहिलं तर कापसात रुई जेमतेम एक तृतीयांश, बाकी सगळी सरकीच. सरकी तेलाची, दाबली गेली की कापडावर डाग सोडते, आणि उंदराला तिचा पत्ता बरोबर लागतो. त्यात गुलाबी बोंडअळी. हंगाम संपला की तिची अळी सरकीतच सुप्त पडून राहते, कधी कधी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या मधोमध. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभी ठेवलेली पराटी, ठेवू नका म्हणून कृषी सहायक दरवर्षी ओरडतात, ते हिचंच चक्र तोडायला. अशी सरकी लेकराच्या खेळण्यात शिवून ठेवायची नाही, बस.

सरकी काढून, हाताने मोकळी केलेली रुई चालते का? शोभेच्या वस्तूत चालते. खेळण्यात नाही चालत, कारण लेकरू ते तोंडात घालणार, मातीत लोळवणार, आणि तुम्ही ते धुणार. रुई पाणी धरून ठेवते. पहिल्याच धुण्यात तिचे गोळे होतात, वरून सुकल्यासारखं वाटतं आणि आत ओल राहते. पावसाळ्यात तर कोंदट वास सुटलाच म्हणून समजा. पॉलिस्टरचं फायबर, जे दुकानात रेक्रॉन म्हणून मागतात, ते दाबलं की परत फुगतं आणि उन्हात लवकर वाळतं. ते वेगळं विकत आणायचीही गरज नाही. घरात बसकी झालेली फायबरची उशी असेल तर ती उसवा, फायबर साबणाच्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा आणि बोटांनी विंचरून घ्या. एका उशीत हाताएवढी खेळणी पुष्कळ भरून होतात. खाली वजन यावं म्हणून काही जण तांदूळ किंवा तूर भरतात, तसलं करू नका. किडे लागतात, आणि मग बाहेरून शिवलेल्या वस्तूत काही करता येत नाही.

आता सामान. सुई आणि धागा, एवढंच खरं सामान आहे. ऑनलाइन जो डब्यातला संच मिळतो, वीस रंग आणि पन्नास अवजारांचा, त्यातलं निम्मं कधी डब्याबाहेर येत नाही.

घरात आईची किंवा सासूबाईंची क्रोशाची सुई सापडेल, पण ती बहुधा स्टीलची आणि फार बारीक असते. ती रुमालाच्या बारीक सुती दोऱ्यासाठी. नवशिक्याने त्या दोऱ्यात खेळणं विणायला घेतलं तर डोळे जातील आणि हौसही जाईल. तुम्हाला अडीच किंवा तीन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची सुई पाहिजे. नंबर दांड्यावर कोरलेला असतो. धाग्याच्या लेबलवर सुई बहुधा याहून जाड सांगितलेली असते, तिकडे लक्ष देऊ नका. ते लेबल स्वेटर-शालीसाठी असतं, जिथे वीण मऊ पाहिजे. खेळण्याला वीण घट्ट पाहिजे, नाहीतर टाक्यांच्या भोकांतून पांढरं फायबर डोकावतं.

धागा म्हणजे साधी ॲक्रिलिक लोकर घ्या, मध्यम जाडीची. वर्धमान, ओसवाल, गंगा, जे मिळेल ते. आपल्याकडे लोकर दुकानात दिसते ती दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. एरवी तालुक्याच्या मॅचिंग सेंटरमध्ये विचारलं तर दुकानदार माळ्यावरून मागच्या वर्षीचं गाठोडं काढतो आणि भाव कमी करतो. तिथेच घ्यावी. पहिला रंग फिका घ्या, पिवळा किंवा आकाशी. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत, दिवसाउजेडीसुद्धा. मे महिन्यात हात घामेजले की ॲक्रिलिक बोटाला चिकटतं आणि धागा सुटता सुटत नाही. तेव्हा मिल्क कॉटन नावाचा जो मऊ धागा मिळतो तो बरा पडतो, पण महाग आहे, शिकताना नको.

आता विणायचं काय? व्हिडिओ पाहून सगळे थेट अस्वल नाहीतर सशापासून सुरू करतात. माझं ऐकाल तर आधी नुसता चेंडू विणा. डोकं म्हणजे चेंडू, धड म्हणजे लांबवलेला चेंडू, कान म्हणजे अर्धवट सोडलेला चेंडू. चेंडू नीट झाला की बाकी राहते ती शिवणी.

टाके दोनच लागतात, साखळी आणि मुका खांब. अशा विणलेल्या खेळण्यांना ‘आमिगुरुमी’ म्हणतात, मोबाइलवर तसं शोधलं की ढिगाने व्हिडिओ येतात, हिंदीतही चांगले आहेत. इंग्रजी पॅटर्न पाहाल तर एक सांभाळा. अमेरिकन पॅटर्नमधला सिंगल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, आणि ब्रिटिश पॅटर्नमध्ये त्यालाच डबल क्रोशे लिहितात. पॅटर्न कुठला आहे ते न पाहता विणलं तर सशाचा जिराफ होतो.

व्हिडिओत सुरुवातीला मॅजिक रिंग, म्हणजे ओढून आवळता येणारं धाग्याचं कडं, दाखवतात. ते जमत नसेल तर सोडून द्या. दोन साखळ्या घाला आणि सुईपासून दुसऱ्या साखळीत सहा मुके खांब घाला, काम तेच होतं. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन-दोन, झाले बारा. तिसऱ्या फेरीत एक साधा, एक दुप्पट, असं करत अठरा. मग दोन साधे, एक दुप्पट, चोवीस. मग तीन साधे, एक दुप्पट, तीस. आता पाच फेऱ्या वाढ न करता तीसच्या तीसवर. मग ज्या क्रमाने चढलात त्याच क्रमाने उतरायचं. चोवीस, अठरा, बारा, सहा. अठरावर आलात की भरायला घ्या, कारण नंतर बोट आत जात नाही.

दर फेरीला सहाच टाके का वाढतात, हे आमच्या पोट्ट्याने नववीच्या गणितातून मला सांगितलं. मुका खांब जवळजवळ जेवढा उंच तेवढाच रुंद असतो. एक फेरी झाली की त्रिज्या एका टाक्याने वाढली, आणि परीघ म्हणजे 2πr, म्हणजे सव्वासहा टाक्यांनी वाढला पाहिजे. म्हणून सहा. सहापेक्षा कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर कडेला झालर पडते. या झालरीचा उपयोग करून दायना तायमिना नावाच्या बाईंनी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात हायपरबोलिक भूमितीचं, म्हणजे कडेकडे झालरीसारखं पसरत जाणारं, पृष्ठ क्रोशाने विणून दाखवलं होतं. तुमच्या चेंडूला झालर आली तर भूमितीचं कौतुक करू नका, टाके मोजा.

मोजणं हेच खरं काम. यात फेरी जोडून बंद करत नाहीत, गोल गोल चढत जातात, त्यामुळे फेरी कुठे सुरू झाली ते डोळ्यांना कळत नाही. मी सतराव्या टाक्यावर असतो आणि समोरून आवाज येतो, ‘भाऊ, पाव किलो साखर अन् एक बिडीबंडल.’ साखर तोलून येईपर्यंत आकडा गेलेला असतो. म्हणून प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवतो, सेफ्टी पिनही चालते. फेरी संपली की तो काढून वरच्या फेरीत. तुमच्याकडे दूध उतू जाईल, कोणी हाक मारेल, तेव्हा हा दोऱ्याचा तुकडाच कामी येतो.

टाके कमी करताना भोक पडतं अशी सगळ्यांची तक्रार असते. दोन टाक्यांचा एक करताना पूर्ण टाक्यात सुई न घालता दोन्ही टाक्यांच्या फक्त पुढच्या दोऱ्यातून सुई न्या, मग दोरा ओढून नेहमीसारखा टाका पुरा करा. जोड दिसतच नाही. आणि विणताना वाटी कोणत्या बाजूने वळते ते पाहा. इंग्रजी व्हीसारखे टाके बाहेर पाहिजेत, आडव्या रेघा आत. उलट असेल तर मोज्यासारखं उलटून घ्या, उसवायची गरज नाही.

डोळे. सेफ्टी डोळे म्हणून मागून चकती लागणारे प्लास्टिकचे डोळे मिळतात, दिसतात झकास. पण नाव सेफ्टी असलं तरी तीन वर्षांखालच्या लेकराला ते देऊ नका. वीण ताणली की चकतीसकट बाहेर येतात आणि घशात अडकतील एवढेच असतात. लहानग्यासाठी डोळे काळ्या दोऱ्याने भरायचे. मणी, बटण, घुंगरू, सगळं त्याच हिशोबात.

चेंडू जमला की मी म्हणेन, बैल करा. व्हिडिओत ऑक्टोपस आणि पांडा भरपूर, आपला बैल क्वचितच. आणि तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लेकरांचा पोळा, आपलाच. सिंदी रेल्वेला केवढाले लाकडी बैल निघतात ते ठाऊक असेलच, पण वर्षा-दीड वर्षाच्या पोराला लाकडी नंदी जड होतो, पायावर पडतो. विणलेला बैल काखेत मारून ते बोजारा, म्हणजे पोळ्याची खुशाली, मागत फिरतं. धड चोवीस टाक्यांचं, लांबट. वशिंड म्हणजे सहावरून बारावर जाऊन दोन फेऱ्या सरळ, थोडं भरून मान संपते तिथे, खांद्यावर शिवायचं. ते नेमक्या जागी बसलं नाही तर बैलाचा उंट होतो. शिंगं चार टाक्यांवर सरळ चढवायची, टोकाला शेवटच्या फेऱ्या लाल, हिंगूळ लावल्यासारख्या. झूल वेगळी, सपाट आयत विणून वर टाकायची, म्हणजे पोराला काढता-घालता येते. वेसण म्हणून नुसती साखळी.

पाय ही या बैलाची अडचण आहे. चार पायांवर विणलेलं जनावर सहजी उभं राहत नाही. पाय दगडासारखे गच्च भरा, चारही सारख्याच फेऱ्यांचे ठेवा, आणि शिवण्याआधी टाचण्या लावून पाटावर उभं करून पाहा. तरी कलंडत असेल तर बसलेला बैल करा. रवंथ करतो म्हणायचं.

विकण्याचं. क्रोशा मशीनवर होत नाही, बाजारात दिसणारं प्रत्येक क्रोशाचं खेळणं कोणाच्या तरी हातचं असतं, हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं. तो शेजारच्या प्लास्टिकच्या बैलाशी भाव लावतो. लोकरीचा खर्च किरकोळ आहे, पण वेळ धरला तर गावात त्याचे पैसे निघत नाहीत. म्हणून मी गावात विकत नाही, नात्यात देतो. बचत गटातून उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, प्रदर्शनात लावता आलं तर शहरातलं गिऱ्हाईक बरं मिळतं.

एक नियमही आहे. खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे आणि १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. केंद्राच्या विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट दिलेली आहे. दोन-चार नग ओळखीत देणं वेगळं, पण ऑनलाइन दुकान मांडायचं मनात असेल तर आधी ती कारागीर नोंदणी करून घ्या. तोरण, कीचेन यांच्यापासून सुरुवात करणंही सोपं. तोरणात लावायचे पोपट तर त्या चेंडूतूनच होतात, चोच आणि शेपटी लावली की झालं.

आणि पोळ्याच्या आठवड्यात येणारी ऑर्डर घेऊ नका. लोक आषाढात आठवण ठेवत नाहीत, पिठोरी अमावास्या तोंडावर आली की धावत येतात आणि एका रात्रीत जोडी मागतात. मी सरळ सांगतो, एक बैल देतो, दुसरा संक्रांतीला न्या.