चांदीच्या भांड्यांच्या फोटोंसाठी जुना फुल फ्रेम घ्यावा की नवा क्रॉप सेन्सर? (खोली १० बाय १२, बजेट ८० हजार)

कुठलाही घ्या. चांदीला सेन्सरचं काही पडलेलं नसतं. (सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा तुकडा. फुल फ्रेममध्ये तो मोठा, क्रॉपमध्ये लहान.)

तुम्ही नुसतं 'प्रॉडक्ट फोटोग्राफी' लिहिलं असतं तर मी पुढे गेलो असतो. 'चांदीची भांडी' वाचलं आणि थांबलो, कारण याच प्रश्नापायी माझी भागीदारी मोडली आहे.

२०१४ ची गोष्ट. इचलकरंजीत आम्ही दोघं मिळून स्टुडिओ चालवायचो. पासपोर्ट, बारशी, लग्नं, जे येईल ते. हुपरी जवळच, आणि हुपरी म्हणजे चांदी हे काही सांगायला नको. तिथल्या एका शेठनी कॅटलॉगचं काम देऊ केलं. पैंजण, करंडे, निरांजनं, तांब्या-भांडं धरून साठेक वस्तू. माझ्याकडे निकॉनचा डी ७००० होता, क्रॉप सेन्सर, १६ मेगापिक्सेल. भागीदाराच्या डोक्यात किडा वळवळला: एवढं मोठं काम आणि हा कॅमेरा? मी जयसिंगपूरला एका लग्नात दोन दिवस अडकलो होतो. परत येतो तो टेबलावर कॅननचा फुल फ्रेम ६डी! दोघांच्या खात्यातले पैसे, मला एक फोन नाही. घरातल्या लेन्स सगळ्या निकॉनच्या, म्हणजे त्यालाही नवी लेन्स आली. सगळं मिळून लाखाच्या वर.

लाइटचं म्हणाल तर दोन जुने स्टुडिओ फ्लॅश, एक सॉफ्टबॉक्स (फ्लॅशवर चढवायची पांढऱ्या कापडाची पेटी) आणि उजेड पसरवायची एक छत्री, तिचीही एक काडी मोडलेली. त्यात एक रुपया घातला नाही.

पहिला तांब्या मांडला आणि क्लिक केलं. तांब्याच्या पोटात अख्खा स्टुडिओ उतरला. सॉफ्टबॉक्सचा पांढरा चौकोन, छत्री, ट्रायपॉडचे तीन पाय, वरचा पंखा, आणि मधोमध निळ्या शर्टातला मी, गोलाईमुळे होतो त्याच्या दुप्पट रुंद. आमच्या भिंतींना गुलाबी डिस्टेंपर होता, तो तांब्याच्या दोन्ही कुशींना लागला. ६डीने हे सगळं इतकं स्वच्छ टिपलं की झूम करून माझ्या शर्टाची बटणं मोजता येत होती. फुल फ्रेमचा तेवढा फायदा मला मान्य आहे.

मग पांढऱ्या चादरीचा तंबू केला, बाहेरून दोन्ही लाइट मारले. प्रतिबिंबं गेली, पण त्यांच्यासोबत चांदीही गेली. सगळीकडे सारखा पांढरा-करडा रंग, ना कड ना गोलाई. शेठनी स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाले, "चांदीचा तांब्या दिलता. ह्यो जर्मनचा हाय." काम दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला गेलं.

तांब्या मात्र आणखी एक रात्र आमच्याकडेच होता. दुकानाचं शटर ओढलं, माझा जुना डी ७००० लावला. इंजिनिअरिंगची पोरं वापरतात तो ट्रेसिंग पेपर आणला आणि तांब्याच्या दोन्ही बाजूंनी व वरून कमानीसारखा वाकवला. फ्लॅश कागदाच्या बाहेर, एक अगदी जवळ, दुसरा लांब. जवळच्या फ्लॅशचा उजेड कागदावर मधोमध दाट पडतो आणि कडेला विरत जातो. चांदीवर जी मऊ उतरती छटा दिसते ती हीच. चादरीच्या तंबूत नेमकी ती नव्हती, कारण सगळीकडून सारखाच उजेड होता. नंतर पोरीच्या शाळेच्या प्रोजेक्टमधलं काळं कार्डशीट उचललं, दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि तांब्याच्या किंचित मागे, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, दोन्हीकडे उभ्या केल्या. पट्टी आत सरकवली की तांब्याच्या कडेला काळी रेघ चढायची, बाहेर नेली की बारीक व्हायची. त्या रेघेने गळा दिसायला लागला, काठ दिसायला लागला, वजन आलं. पंखा बंद, अंगात काळा टीशर्ट. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ ११ (लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं छिद्र लहान), शटर १/१६० सेकंद. याच सेटिंगला फ्लॅश न उडवता एक फोटो काढून बघितला. पूर्ण काळा आला, म्हणजे ट्यूबचा उजेड आत घुसत नव्हता. ही तपासणी तुम्हीही रोज करा.

भागीदार अजूनही चारचौघांत सांगतो की चांगला कॅमेरा उशिरा घेतला म्हणून हुपरीचं काम गेलं. तर हिशेबच मांडतो. डी ७००० चा फोटो ४९२८ बाय ३२६४ पिक्सेल, ६डीचा ५४७२ बाय ३६४८. ए४ चं पूर्ण पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) छापायला ३५०८ बाय २४८० लागतात. दोन्ही पुरून उरतात. शिवाय पैंजण जवळून, फ्रेम भरून काढताना क्रॉपवर एफ ११ ला जेवढा भाग शार्प येतो, तेवढाच आणायला फुल फ्रेमवर एफ १६ पर्यंत जावं लागतं. म्हणजे उजेड दुप्पट लागतो. लाखभर रुपये घालून वर लाइटही जास्त! तो म्हणतो, "लाइट तूच लावले होतेस ना?" हो, मीच लावले होते, आणि चुकीचे लावले होते. पण चूक लाइटची होती हे त्याच्याच तोंडून निघालं की नाही?

तुमच्या ८० हजारांतले निम्मे लाइट, स्टँड आणि भक्कम ट्रायपॉडला ठेवा. उरलेल्यात सेकंडहँड क्रॉप बॉडी आणि ९० किंवा १०० मिलिमीटरची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची, लेन्स बघा. भांडी हलत नाहीत, त्यामुळे एलईडीही चालतील, शटर एक सेकंद उघडं राहिलं तरी बिघडत नाही. फक्त सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९५ च्या वरचे घ्या, नाहीतर मीनाकारी आणि लाल खड्यांचे रंग फिरतात. जुनी लेन्स घेताना आतून टॉर्च मारून बुरशी बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेली लेन्स पांढरी जाळी धरते.

वर 'कुठलाही घ्या' म्हणालो ते या खोलीपुरतं. लग्नंही करणार असाल तर मंगल कार्यालयातल्या अंधाऱ्या स्टेजवर फुल फ्रेम खरोखर उजवा पडतो, तिथे मी वाद घालणार नाही. आणि कुणाच्या स्टुडिओतले फार जुने फ्लॅश स्वस्तात मिळाले तर ते वायरने थेट डिजिटल बॉडीला जोडू नका. काहींचं ट्रिगर व्होल्टेज (फ्लॅशकडून वायरीतून कॅमेऱ्यावर येणारं) २०० च्या वर असतं, बॉडी जाऊ शकते. मध्ये वायरशिवाय फ्लॅश उडवणारा रेडिओ ट्रिगर घाला, पण तोही तेवढं व्होल्टेज झेलणारा असल्याची खात्री करून.

भागीदारीत करणार असाल तर प्रत्येक वस्तूचं बिल कुणाच्या नावावर आहे ते पहिल्या दिवशी वहीत लिहा आणि खात्यावर दोघांच्या सह्या ठेवा. आमच्या वाटणीत ६डी त्याच्याकडे गेला. मला फ्लॅश आले, आणि ती छत्री.

खोलीच्या भिंतींचा रंग तुम्ही लिहिलेला नाही. गुलाबी, पोपटी असलं काही असेल तर कॅमेऱ्याच्या आधी पांढरा रंग मारून घ्या.