जुळ्यातली कालवड गाभण राहील का?
कराडच्या दादांनी विचारलंय, एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईला खोंड आणि कालवड असं जुळं झालंय, कालवड ठेवायची का. जुनी माणसं सांगतात ते खरंय, अशा शंभरातल्या नव्वदच्या वर कालवडी गाभण राहत नाहीत. पोटात दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात, खोंडाची वृषणं आधी तयार होतात आणि त्यांचं एएमएच (अँटी-म्युलेरियन हार्मोन) रक्तातून कालवडीत जातं, मग तिची गर्भपिशवी नीट वाढतच नाही आणि बीजांडकोषही बिघडतात. बाहेरून कालवड अगदी झकास दिसते, तिथंच माणूस फसतो. प्राणिशास्त्रज्ञ फ्रँक लिली यांनी १९१६ मध्येच हे हार्मोनचं काम असल्याचं मांडलं होतं. आत्ताच जनावरांच्या डॉक्टरकडून योनीमार्गाची लांबी तपासून घ्या, आखूड असली की लगेच कळतं, नाहीतर दोन वर्षं चारा घालून माजाची वाट बघत बसाल, आणि विकलीच तर घेणाऱ्याला खरं सांगून विका.