कागदावरचा 6 आकडा

प्रश्न : आई 79 वर्षांची. चक्कर येऊन पडली म्हणून रात्री रावेरहून जळगावला इमर्जन्सीत नेलं. सकाळी सोडलं, पण कागदावर ‘फ्रेल्टी 6’ लिहून डॉक्टर म्हणाले, पुढचे काही महिने जिवाला धोका जास्त आहे. म्हणजे काय समजायचं?

उत्तर : भाऊ, हा आकडा म्हणजे आयुष्याची मुदत नव्हे. कॅनडात तयार झालेली ही फ्रेल्टीची, म्हणजे अशक्तपणा मोजायची पट्टी 1 ते 9 अशी आहे. आजारपणाच्या दोन आठवडे आधी माणूस कसा होता, ते त्यात बघतात. 6 म्हणजे बाहेरच्या कामांना आणि घरकामाला मदत लागते, बहुधा अंघोळीलाही. अशा रुग्णांच्या गटात मृत्यूचं प्रमाण जास्त दिसतं. तुमच्या आईचं काय होईल, हे तो आकडा सांगत नाही. नुसत्या वयापेक्षा मात्र मला तो कामाचा वाटतो. याच वयाच्या, केळीच्या बागेत राबणाऱ्या दणकट बाया मी रोज तपासतो.

औषधांची पिशवी डॉक्टरांसमोर रिकामी करा. बीपीची किंवा झोपेची गोळीही चक्कर आणते. बीपी झोपवून आणि उभं करून, दोन्ही वेळा मोजून घ्या. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी चांगलीच, सोबत दूध किंवा अंडं द्या. आई अचानक बरळू लागली, सुस्तावली किंवा जेवण टाकलं, तर ताप नसला तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या. उतारवयात न्यूमोनिया तापाशिवायही येतो.